वेळापत्रकाची काठिण्यपातळी आणि प्रशिक्षकाची कामगिरी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाने किती सामने जिंकले यापेक्षा ते कोणाविरुद्ध जिंकले, याचा हिशेब करण्याची पद्धत. हे फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड चढवून, लंबगोल चेंडू हातात धरून खेळायचे अमेरिकी फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडे सॉकर म्हणतात. एखाद्या संघाच्या वाट्याला आलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या एकूण ताकदीला ‘स्ट्रेंग्थ ऑफ शेड्यूल’ म्हणतात. मराठीत त्याला वेळापत्रकाची काठिण्यपातळी म्हणता येईल. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेल्या मराठी माणसाच्या कानावर हा शब्द पहिल्याच हंगामात पडतो, कारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तिथल्या कॅन्टीनमधली अर्धी भांडणे याच विषयावर होतात.

भांडणाचे मूळ साध्या गणितात आहे. सर्वोच्च श्रेणीत २०२५ साली १३६ संघ होते आणि नियमित हंगामात प्रत्येकाला सामने मिळतात १२. म्हणजे कोणताही संघ बाकीच्यांपैकी दहा टक्क्यांनाही भेटत नाही. या १२ पैकी आठ-नऊ सामने आपापल्या कॉन्फरन्समधले, म्हणजे संलग्न विद्यापीठांच्या गटातले; ते गटच ठरवून देतो. उरलेले तीन-चार विद्यापीठाचा क्रीडा संचालक ठरवतो, आणि तेही अनेकदा कित्येक वर्षे आधी. त्यामुळे करार एका प्रशिक्षकाच्या काळात होतो आणि सामना दुसऱ्याच्या नशिबी येतो, असेही घडते.

या बाहेरच्या सामन्यांत एक-दोन चक्क विकतचे असतात. मोठे विद्यापीठ छोट्याला ठरावीक रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावते आणि परतीच्या सामन्याचे नावही काढत नाही. छोट्याच्या क्रीडा विभागाला पैशांचा आधार होतो. मोठ्याला घरचा एक जादा सामना, तिकिटांचे उत्पन्न आणि बहुधा एक विजय मिळतो. अशा पाहुण्याला तिकडे ‘कपकेक’ म्हणतात; आपल्या गल्लीच्या भाषेत लिंबूटिंबू. फरक इतकाच, की आपल्याकडे लिंबूटिंबूचा आउट धरत नाहीत, तिकडे त्याच्यावरचा विजय पुरा एक धरतात.

ही चाल जुनी आहे. ७ ऑक्टोबर १९१६ रोजी अटलांटात जॉर्जिया टेकने कंबरलंड कॉलेजला २२२-० असे हरवले. कंबरलंडने फुटबॉल संघ बंदच केला होता, पण न येण्याचा दंड ३,००० डॉलर होता आणि येण्याचे मानधन ५००, म्हणून कशीबशी पोरे गोळा करून ते आले. टेकचे प्रशिक्षक जॉन हाइसमन यांना त्या काळच्या पत्रकारांचा राग होता म्हणतात. प्रतिस्पर्धी कोण हे न बघता नुसत्या गुणांच्या बेरजेवरून ही मंडळी संघांची प्रतवारी लावत, तेव्हा घ्या एकदाची बेरीज. (बेसबॉलमध्ये कंबरलंडकडून झालेल्या मानहानीचा सूडही त्यात होताच.) आज वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा करंडक याच हाइसमन यांच्या नावाचा आहे.

लिंबूटिंबू कधीकधी उलटतोही. १ सप्टेंबर २००७ रोजी देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनने अ‍ॅपलाचियन स्टेट या खालच्या श्रेणीतल्या संघाला ४ लाख डॉलर देऊन बोलावले आणि स्वतःच्या मैदानावर ३४-३२ असा पराभव पदरात घेतला.

मोजायचे कसे

जुने सूत्र साधे आहे : प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांचे प्रमाण दोन भाग आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रमाण एक भाग. पहिले ०.६०० आणि दुसरे ०.५१० असेल तर काठिण्य ०.५७० निघते. हिशेब बोटांवर जमतो, म्हणून लोकांना आवडतो. पण कॉन्फरन्सच्या आत एकाचा विजय तो दुसऱ्याचा पराजय. आपापसातल्या सामन्यांची बेरीज कायम निम्मी-निम्मीच येणार, मग गट देशातला सर्वात तगडा असो की सर्वात कच्चा. कोणता गट भारी हे ठरते मुख्यतः सप्टेंबरमधल्या मोजक्या बाहेरच्या सामन्यांवरून, आणि त्यातलेही बरेच विकतचे.

खगोलभौतिकीचे अभ्यासक वेस्ली कॉली यांची पद्धत यातून वाट काढते. प्रत्येक संघाची सुरुवात ०.५ वर होते आणि विजयांत एक मिळवून, सामन्यांत दोन मिळवून भागाकार केला जातो. तीनपैकी तीन जिंकणाऱ्याला १ नव्हे, तर ४ भागिले ५, म्हणजे ०.८. मग प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांप्रमाणे प्रत्येकाचे गुण दुरुस्त होतात. त्या दुरुस्तीने प्रतिस्पर्ध्यांचे गुण बदलतात. सगळी समीकरणे एकदम सोडवली की आकडे स्थिरावतात. किती गुणांनी जिंकलात याला इथे किंमत नाही. १९९८ ते २०१३ या काळात विजेतेपदाच्या सामन्याचे मानकरी निवडणाऱ्या बीसीएस व्यवस्थेनेही २००२ पासून संगणकीय क्रमवारीतून विजयाचे अंतर काढून टाकले, कारण दुबळ्यांना धुऊन आकडे फुगवणे सोपे होते.

तरीही सरासरी फसवतेच. चांगल्या संघाच्या दृष्टीने ८०व्या आणि १२०व्या क्रमांकाचा प्रतिस्पर्धी जवळपास सारखाच, पण दुसरा आणि वीसावा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. समजा, एका संघाला बाराही सामन्यांत जिंकण्याची शक्यता ९० टक्के आहे. सगळे जिंकण्याची शक्यता येते सुमारे २८ टक्के. दुसऱ्याला आठ सामन्यांत ९९ टक्के आणि चारांत ६० टक्के. त्याची शक्यता १२ टक्क्यांवर येते. दुसऱ्याच्या यादीत आठ लिंबूटिंबू आहेत म्हणून हसणारे त्या चार सामन्यांकडे बघत नाहीत.

म्हणून अलीकडे प्रश्नच उलटा विचारतात : हेच वेळापत्रक एखाद्या ठरावीक चांगल्या संघाला दिले असते, तर त्याने इतके किंवा याहून जास्त सामने जिंकण्याची शक्यता किती? ईएसपीएन या क्रीडा वाहिनीची ‘स्ट्रेंग्थ ऑफ रेकॉर्ड’ ही मोजणी यावरच उभी आहे, आणि प्लेऑफचे, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचे, संघ निवडणाऱ्या समितीनेही २०२५च्या हंगामापासून अशाच धर्तीचे माप आपल्या कागदपत्रांत घेतले. प्रस्तुत लेखकाला प्रशिक्षकाच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वात प्रामाणिक वाटतो. वेळापत्रक त्याच्या हातात असो वा नसो, दुसरा कोणी असता तर काय झाले असते, एवढेच हा प्रश्न विचारतो.

कॅन्सस स्टेट, १९९८

या वादाचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे बिल स्नायडर. १९८९ मध्ये ते कॅन्सस स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा संघ मागच्या २७ सामन्यांत एकही जिंकला नव्हता. २६ पराभव, एक बरोबरी. पहिल्या वर्षी त्यांनी ११ पैकी एक सामना जिंकला, नॉर्थ टेक्सासविरुद्ध, २०-१७, तोही शेवटच्या क्षणी. पुढच्या वर्षी पाच, त्याच्या पुढच्या वर्षी सात. कॉन्फरन्सबाहेर जमेल तितके सोपे प्रतिस्पर्धी गाठायचे, पोरांना जिंकायची सवय लावायची, स्टेडियम भरू द्यायचे, अशी ही घडण होती.

१९९८ मध्ये संघ खरोखर जबरदस्त झाला आणि जुनी सवय अंगाशी आली. बाहेरचे तीन सामने असे : इंडियाना स्टेटवर ६६-०, नॉर्दर्न इलिनॉयवर ७३-७, नॉर्थईस्ट लुइझियानावर ६२-७. एकूण २०१ विरुद्ध १४. टीकाकारांना एवढे पुरले. पण त्याच हंगामात त्यांनी ३० वर्षांत पहिल्यांदा नेब्रास्काला हरवले, ४०-३०, हे सांगताना तेच टीकाकार घसा खाकरत. अकरा विजय घेऊन संघ कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात उतरला. शेवटच्या चतुर्थकात टेक्सास ए अँड एमवर १५ गुणांची आघाडी होती. ती गेली आणि दुसऱ्या जादा डावात ३६-३३ असा पराभव झाला. बीसीएसच्या शेवटच्या यादीत कॅन्सस स्टेट तिसरे होते, तरी मोठ्या बाउल सामन्यांच्या (हंगामाअखेरच्या निमंत्रित सामन्यांच्या) आयोजकांनी चौथ्या ओहायो स्टेटला आणि आठव्या फ्लोरिडाला बोलावले. स्नायडर यांच्या वाट्याला आला अलामो बाउल. तिथे पर्ड्यूकडून ३७-३४ अशी हार. पुढच्या वर्षी तिसऱ्या क्रमांकाला जागा देणारा नियम आला, त्याला लोक आजही कॅन्सस स्टेटचा नियम म्हणतात.

स्नायडर यांचे एकूण आकडे २१५ विजय, ११७ पराभव, एक बरोबरी. सोप्या वेळापत्रकाचे विजय काढून टाका म्हणणाऱ्यांनी आधी एवढे सांगावे, की तेच सोपे प्रतिस्पर्धी मिळवून त्यांच्या आधीच्या प्रशिक्षकांना काय करता आले असते.

प्रतिस्पर्धी कधी मोजायचा

सामन्याच्या दिवशी की हंगामाअखेर? १९८४ मध्ये लावेल एडवर्ड्स यांच्या ब्रिगम यंग विद्यापीठाने पहिल्याच सामन्यात तिसऱ्या क्रमांकाच्या पिट्सबर्गला २०-१४ असे हरवले. देशभर गाजावाजा झाला. पिट्सबर्गने पुढे हंगाम संपवला तीन विजय, सात पराभव आणि एका बरोबरीवर. ब्रिगम यंग १३-० (तेरा विजय, शून्य पराभव) राहिले, हॉलिडे बाउलमध्ये मिशिगनला २४-१७ असे नमवून राष्ट्रीय विजेतेही ठरले. मिशिगनचा त्या वर्षीचा लेखाजोखा मात्र ६-६ होता.

प्रशिक्षकाने नोकरी बदलली की तोच माणूस दुसऱ्या वेळापत्रकासमोर दिसतो. ख्रिस पीटरसन यांनी बॉइझी स्टेटला ९२ जिंकले, १२ हरले. मग वॉशिंग्टनला ५५-२६. टक्केवारी घसरली, पण संघ प्लेऑफला गेला आणि दोनदा कॉन्फरन्स जिंकली. दुसरीकडे स्कॉट फ्रॉस्ट. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाला १३-० ठेवून ते नेब्रास्काला गेले आणि १६-३१ वर घरी बसले. मात्र तिथले २२ पराभव एकाच चढाईतल्या गुणांनी भरून निघतील इतक्या थोड्या अंतराचे होते, आणि अशा चुरशीत त्यांनी जिंकले फक्त पाच. हे नुसत्या काठिण्यपातळीने समजावता येत नाही.

कर्ट सिग्नेटी यांच्या इंडियानाला २०२४ मध्ये ११-१ असूनही ऐकावे लागले, कारण ओहायो स्टेटसारख्या खऱ्या दांडग्याने त्यांना ३८-१५ असे आडवे केले होते. २०२५ मध्येही बाहेरचे तीन सामने तितकेच मऊ होते. इंडियाना स्टेट या दुसऱ्याच विद्यापीठावर ७३-०, म्हणजे स्नायडर यांच्यापेक्षा सात जास्तच. या वेळी मात्र त्यांनी ओहायो स्टेटला १३-१० असे हरवले आणि मायामीवर २७-२१ अशी मात करून १६-० सह विजेतेपद घेतले.

याच्या उलट जेम्स फ्रँकलिन. वँडरबिल्ट या कायम मार खाणाऱ्या संघाला त्यांनी २०१२ मध्ये १९१५ नंतर प्रथमच नऊ विजय मिळवून दिले आणि पुढच्या वर्षी पुन्हा नऊ. मग पेन स्टेटला १०४-४५. तरी त्यांच्या नावापुढे चिकटला तो वेगळाच आकडा : पहिल्या दहांतल्या संघांविरुद्ध ४-२१. हा आकडा वाटतो तितका सरळ नाही. आठव्या-दहाव्या क्रमांकाचा संघ दुसऱ्या-तिसऱ्याशी भिडतो तेव्हा तो आधीच कमजोर धरलेला असतो. जिंकण्याची शक्यता ३० टक्के धरली तर २५ सामन्यांत सात-आठ विजय यायला हवेत, आले चार. कमीच, पण १६ टक्के हा आकडा जेवढा भीषण ऐकू येतो तेवढे नाही. गंमत म्हणजे १२ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांना काढले ते मोठ्यांकडून हरल्यामुळे नाही. हंगामाआधी दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या त्यांच्या संघाने नेवाडा, फ्लोरिडा इंटरनॅशनल आणि व्हिलानोव्हा यांना घरी बोलावून चोपले, ऑरेगनकडून दुसऱ्या जादा डावात हार खाल्ली आणि त्यानंतर एकही विजय नसलेल्या यूसीएलएकडून ४२-३७, मग घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून २२-२१ असे पराभव घेतले.

जिथे सूत्र चालत नाही

प्रत्येक सूत्राला सामन्यांची साखळी लागते : अ ब-शी खेळला, ब क-शी, म्हणून अ आणि क यांची तुलना. साखळीच तुटलेली असेल तर काय? लुइझियानातल्या ग्रँबलिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात एडी रॉबिन्सन यांनी १९४१ ते १९९७ पर्यंत प्रशिक्षण दिले : ४०८ विजय, १६५ पराभव, १५ बरोबरी. १९८५ मध्ये त्यांनी अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा आकडा ओलांडला तेव्हा ‘पण कोणाविरुद्ध?’ हा प्रश्न आलाच. वर्णभेदाच्या काळात दक्षिणेतली गोऱ्यांची विद्यापीठे ग्रँबलिंगशी खेळतच नव्हती. रॉबिन्सन यांनी वेळापत्रक सोपे ठेवले नव्हते. अवघड वेळापत्रक त्यांना मिळण्याची सोयच नव्हती. मग मोजमाप दुसरीकडून करावे लागते. त्यांच्या हाताखालचे २०० हून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. त्यांतला बक ब्यूकॅनन १९६३ मध्ये एएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत सर्वांत आधी उचलला गेला, आणि डग विल्यम्स जानेवारी १९८८च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, सामनावीर ठरला. रॉबिन्सन निवृत्त झाल्यावर ग्रँबलिंगच्या प्रशिक्षकपदी आले ते हेच विल्यम्स.