रिपल : बारीक लाटेची पार्श्वभूमी

तळ्यात खडा टाकला की वर्तुळं काठाकडे सरकत जातात, पण पाण्यावर तरंगणारं पान मात्र जवळपास जागच्या जागी वरखाली होतं. पाणी तिथंच राहतं, पुढे जाते ती फक्त हालचाल. या बारीक लाटेला इंग्रजीत ‘रिपल’ म्हणतात. (जवसाच्या काड्यांवरची बोंडं ज्या दातेरी फणीनं ओढून काढतात, तिलाही इंग्रजीत रिपलच म्हणतात. पण तो शब्द वेगळा, नातं काही नाही.)

‘बारीक’ म्हणजे किती, हे १८७१ मध्ये विल्यम थॉमसन यांनी ठरवलं. हेच पुढचे लॉर्ड केल्विन. आपल्या संथ चाललेल्या नौकेतून पाण्यात सोडलेल्या गळाच्या दोरीभोवती उठणारे तरंग त्यांनी न्याहाळले होते. दोन शिखरांमधलं अंतर सुमारे १.७ सेंटिमीटरहून कमी असेल तर तो रिपल. मोठी लाट गुरुत्वाकर्षणानं खाली बसते, रिपलला मुख्यतः पृष्ठताण सपाट करतो.

पाण्यावरून हा शब्द विजेत गेला. एसीचं (दिशा बदलत राहणाऱ्या विजेचं) डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) केलं तरी व्होल्टेज लगेच सरळ रेषेत येत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ब्रिज रेक्टिफायर (हा बदल करणारं मंडल) लावला की सेकंदाला १०० उंचवटे उरतात, तोच रिपल. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून परत सोडणारा ‘फिल्टर’, तो दाबून धरतो. जुन्या रेडिओत हा कपॅसिटर सुकला की गाण्यामागे एकसारखी घुंऽऽ सुरू होते, आणि दुरुस्तीवाला मागचं झाकण काढायच्या आधीच सांगतो, ‘फिल्टर गेलाय.’ इथं ‘तरंग’ वगैरे कुणी म्हणत नाही.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी अवकाश-काळातलेच रिपल पकडले. वेधशाळेच्या चार किलोमीटर लांब भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान होता! मराठीत त्या ‘गुरुत्वीय लहरी’ झाल्या. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्र सरकारनं २०२३ मध्ये मंजुरी दिली.

राजकारणातही हा शब्द रुळला. जून १९६६ मध्ये केप टाउन विद्यापीठात बोलताना अमेरिकी सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी अन्यायाविरुद्धच्या प्रत्येक छोट्या कृतीला आशेचा रिपल म्हटलं. वर्णभेदाच्या काळात, तेही दक्षिण आफ्रिकेत. ‘रिपल इफेक्ट’ला (एका घटनेच्या दूरवर पसरत जाणाऱ्या परिणामांना) बातमीत ‘तरंग परिणाम’ लिहिलेलं मला कृत्रिम वाटतं. कांद्याची निर्यात थांबली की लासलगावात त्याचे ‘पडसाद उमटतात’, असंच आपण म्हणतो. इंग्रजीनं तळ्याकडे पाहिलं, मराठीनं डोंगराकडे कान लावला.