शिदोरी संपते, चूल पेटते

गेल्या महिन्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी एका घोडेवाल्यांशी बोलत होतो. घोडी भरवून त्यांना आठवडा झाला होता. "आताच काय असतंय आत? म्हैनाभर नुसतं पाणीच," ते म्हणाले. साताऱ्याकडे हा समज मी अनेकदा ऐकलाय. तो खोडलाच पाहिजे, कारण घोडीच्या अकरा महिन्यांत मला सर्वांत थरारक वाटतो तो हाच पहिला आठवडा.

फलित अंड्यात घोडा आणि घोडी दोघांचीही जनुकं असतात, पण सुरुवातीला ती जवळजवळ गप्प असतात. मग पेशी दुभंगते कशाच्या बळावर? आईनं बांधून दिलेल्या शिदोरीवर. अंडं पिकतानाच त्यात संदेशवाहक आरएनए साठवलेले असतात. कोणतं प्रथिन बनवायचं, हे सांगणाऱ्या त्या चिठ्ठ्याच. एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होतात त्या या चिठ्ठ्या वाचून.

चिठ्ठ्या कायमच्या नसतात. हळूहळू त्या नष्ट केल्या जातात. तिकडे हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला डीएनए जागोजागी सैल होतो, त्यावरच्या, जनुकांना गप्प ठेवणाऱ्या मिथाइलच्या रासायनिक खुणा पुसल्या जाऊ लागतात आणि मोकळ्या जागी आरएनए पॉलिमरेज हे विकर बसून नव्या चिठ्ठ्या लिहू लागतं. उंदरात हे दोन पेशी असतानाच घडतं, गायीत आठ ते सोळा, घोड्यात चार ते आठ. आता भ्रूणाची स्वतःची चूल पेटली. ती पेटली नाही, तर वाढ तिथंच थांबते.

या चुलीवर शिजणारा एक पदार्थ मला फार आवडतो. घोडीची बीजवाहिनी, म्हणजे अंडं गर्भाशयाकडे नेणारी नळी, फलन न झालेली अंडी सहसा पुढे सोडतच नाही; ती महिनोन्महिने तिथंच अडकून पडतात. भ्रूण मात्र पाचव्या दिवसाच्या सुमारास प्रोस्टाग्लँडिन ई-2 हे संप्रेरकासारखं रसायन स्रवू लागतो. त्यानं बीजवाहिनीचे स्नायू सैलावतात आणि अडकलेल्या जुन्या अंड्यांना मागे टाकून तो सहाव्या दिवसाच्या आसपास गर्भाशयात उतरतो. आपली वाट तो आपणच मोकळी करून घेतो!

घोडेवाले मला घोडीच्या कपाळावरचा शुभ भोवरा दाखवत होते. भोवरा म्हणजे केस उगवण्याची दिशा. शिंगराचं नशीब त्यात नसतं. अशा खुणांपायी लोक जनावराला जास्त पैसे मोजतात, याचं वाईट वाटतं. तेच पैसे सोनोग्राफीला लावावेत.

तीही नेमक्या दिवशी. अंडं सुटल्यापासून चौदाव्या दिवशी भ्रूणाचा गोळा दीड सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि गर्भाशयाच्या एका शिंगातून, म्हणजे त्याच्या दोन फाट्यांपैकी एकातून, दुसऱ्यात सतत फिरत असतो. म्हणून डॉक्टरांना दोन्ही शिंगं टोकापर्यंत तपासावी लागतात. सोळाव्या दिवसाच्या सुमारास तो एका जागी थांबतो. जुळं असेल, तर एक गोळा काढून टाकायला त्याआधीचेच दिवस सोयीचे. दोन्ही एकाच शिंगात शेजारी थांबले, की एकाला वेगळं करणं अवघड होतं. घोडेवाल्यांनी मोबाइलच्या कॅलेंडरवर तारीख मोजली. हातात साधारण आठवडा होता.