रायफलीचा धक्का व तो सुसह्य करण्याचे उपाय

गोळी सुटताच रायफल मागे येते आणि तिचा दस्ता खांद्यावर आदळतो. या आघाताला नेमबाज ‘धक्का’ म्हणतात, पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत त्याला ‘प्रतिक्षेप’ म्हणतात. मोठ्या श्वापदांच्या शिकारीसाठी किंवा लांब पल्ल्याच्या माऱ्यासाठी बनवलेल्या रायफलींत हा धक्का इतका जबर असतो की खांदा काळानिळा पडतो, क्वचित भुवई फुटते. त्याहून वाईट म्हणजे चाप ओढण्याआधीच दचकायची सवय जडते. गणिताने निघणारा धक्का आणि अंगाला जाणवणारा धक्का एक नव्हेत. काडतूस आणि रायफलीचे वजन ठरले की पहिला ठरून जातो. दुसरा मात्र दस्त्याची ठेवण, गादी, पवित्रा, आवाज आणि मन यांवर अवलंबून असतो, आणि बहुतेक उपाय या दुसऱ्यावरच चालतात.

कारण व मोजमाप : गोळी आणि तिच्यामागचे तप्त वायू जेवढा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) घेऊन पुढे जातात, तेवढाच रायफलीला मागे मिळतो. वायूंचा वाटा अनेकजण विसरतात. हिशेबात जळालेल्या दारूचे वजन धरावे लागते, आणि जोरदार रायफलींसाठी वायूंचा वेग गोळीच्या वेगाच्या साधारण पावणेदोन पट मानतात. ३०-०६ स्प्रिंगफील्ड या काडतुसाचे उदाहरण घेऊ. सुमारे ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२० मीटर वेगाने सुटते आणि दारू असते ३.६ ग्रॅम. ३.६ किलोची रायफल त्यामुळे सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने मागे येते. तिची ऊर्जा भरते ३० जूलच्या आसपास. गोळीची स्वतःची ऊर्जा ३,९०० जूल असते, म्हणजे खांद्याच्या वाट्याला शंभरातला एक भागही येत नाही. तरीही तेवढा भाग पुरेसा होतो. १९१२ साली आलेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमचा (आकडा व्यासाचा, इंचांत; ‘मॅग्नम’ म्हणजे जादा जोराचे काडतूस) धक्का चार किलोंहून थोड्या जड रायफलीत ५० ते ५७ जूल, तर १९५६ च्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमचा ८० जूलच्या घरात जातो.

अमेरिकी लष्कराच्या चाचणी-नियमावलीत यावर ठोस मर्यादा घातलेल्या आहेत. सुमारे २० जूलपर्यंत कितीही बार काढावेत, २० ते ४१ जूलपर्यंत दिवसाला माणशी २००, ६१ पर्यंत १००, आणि ८१ पर्यंत फक्त २५. त्यापलीकडे खांद्यावरून बार काढायचाच नाही. हत्तीच्या शिकारीच्या कित्येक रायफली या शेवटच्या वर्गात मोडतात.

गोळी नळीत असते तो काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जरासा पुढेमागे. तेवढ्यात रायफल जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरकलेली असते. खांद्याला जाणवतो तो धक्का गोळी केव्हाच निघून गेल्यावरचा. माणसाला एखाद्या आघाताला प्रतिसाद द्यायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. तेव्हा ‘धक्क्याने नेम हलला’ ही सबब टिकत नाही. नेम हलतो तो धक्का येणार या धास्तीने, आणि तो बार होण्याच्या आधी.

दचकणे : ही धास्तीच या विषयाचा गाभा आहे. डोळे मिटतात, खांदा पुढे झेपावतो, बोट चापाला हिसडा देते. नेमबाजाला स्वतःला हे कळत नाही, कारण बाराच्या आवाजात आणि धक्क्यात सगळे झाकून जाते. ते उघडे पाडायची जुनी युक्ती अशी : रायफल दुसऱ्याने भरायची आणि नेमबाजाला न सांगता मधूनमधून नकली काडतूस घालायचे. नकली काडतुसावर चाप ओढला की बार होत नाही, पण नळीचे तोंड मात्र झटक्याने खाली जाते. बघणाऱ्यांना ते लख्ख दिसते. नेमबाज बहुधा ओशाळतो, पण इथूनच सुधारणा सुरू होते.

फ्रेडरिक सेलूस हा आफ्रिकेतला प्रसिद्ध शिकारी. १८७० च्या दशकात तो तोंडाने भरायच्या ४ बोअरच्या बंदुका वापरत असे. त्यांत सुमारे पाव पौंडाचा गोळा (‘४ बोअर’ म्हणजे पौंडात चार गोळे) आणि मूठभर दारू पडे. एकदा बार फुसका गेला आणि बंदूक सांभाळणाऱ्या नोकराने तिच्यात पुन्हा दारू व गोळा ठासला. हे ठाऊक नसलेल्या सेलूसने पुढचा बार काढला, तो दुप्पट भरलेला. तो जमिनीवरून उचलला जाऊन हवेत फिरला आणि वाळूत तोंडावर पडला. बंदूक खांद्यावरून मागे उडाली, दस्त्याच्या चिंध्या झाल्या आणि त्याच्या गालाच्या हाडावर खोल जखम झाली. पण त्याची खरी तक्रार या अपघाताबद्दल नव्हती. या बंदुकांनी आपल्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम केला आणि नंतर हलक्या रायफलीनेही नेम बिघडत राहिला, असे त्याने लिहून ठेवले आहे. दचकण्याच्या विकाराचे याहून प्रामाणिक वर्णन क्वचित सापडेल.

उपाय मनालाच करावा लागतो. रिकाम्या रायफलीवर चाप ओढण्याचा सराव, त्याच पद्धतीच्या .२२ रायफलीने भरपूर बार, आणि जड रायफलीचे एका बैठकीत मोजकेच बार. पाच-दहा पुरेत. अंग दुखेपर्यंत सराव करणे म्हणजे दचकायचाच सराव करणे. कानांचे संरक्षण याच सदरात घातले पाहिजे. जोरदार रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, आणि मेंदू आवाज व धक्का वेगळे काढत नाही. कानांत बोळे आणि वर कर्णकवच असे दुहेरी संरक्षण घेतल्यावर ‘आज रायफल हलकी लागली’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही आणि तरी लोक आधी महागड्या गाद्यांच्या मागे लागतात.

वजन : संवेग तोच राहतो, पण रायफल जड झाली की तिचा मागे येण्याचा वेग आणि ऊर्जा दोन्ही कमी होतात. तीन किलोंची चार किलो केली की ऊर्जा पाव हिश्शाने उतरते. म्हणूनच .५७७ नायट्रो एक्सप्रेससारख्या दुनळी रायफली सहा किलोंच्या आसपास आणि .६०० च्या त्याहून जड बनवत. दस्ता पोखरून शिसे किंवा पाऱ्याची नळकांडी भरायचीही पद्धत आहे. त्यात पाऱ्याची करामत किती आणि नुसत्या वजनाची किती, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. पहाडात दिवसभर रायफल वागवणाऱ्याला हा उपाय अर्थात परवडत नाही. अतिहलक्या रायफलीत मॅग्नम काडतूस घालून विकण्याची जी टूम आहे, तिची किंमत खांदा मोजतो.

दस्ता : सारख्याच वजनाच्या, एकाच काडतुसाच्या दोन रायफलींपैकी एक सुसह्य आणि दुसरी नकोशी वाटते, ती बहुधा दस्त्यामुळे. दस्त्याची टाच, म्हणजे खांद्याला टेकणारे टोक, नळीच्या रेषेच्या फार खाली असेल तर धक्का सरळ मागे न येता रायफलीचे तोंड वर फेकतो आणि दस्त्याची वरची कड गालफडावर आपटते. सरळ दस्त्यात धक्का खांद्यात जातो, जिथे तो गेला पाहिजे. गालाखालची कड पुढे उतरती असेल तर रायफल मागे येताना ती गालापासून दूर सरकते; वेदर्बी रायफलींच्या दस्त्याची ओळखच ही होती. टाच रुंद व सपाट हवी. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक अमेरिकी रायफलींना चंद्रकोरीसारखी, टोकदार पोलादी पट्टी असे. ती दंडाच्या वरच्या भागात अडकवून बार काढायची रीत होती. आजच्या काडतुसांना ती पट्टी लावली तर शिक्षाच.

चाप ते टाच हे अंतर साधारण ३४ सेंटिमीटर ठेवतात, पण माणसागणिक ते बदलते. दस्ता आखूड असेल तर उजव्या हाताचा अंगठा नाकावर येतो. अनुभवी लोक म्हणून जड रायफलीत अंगठा दस्त्यावरून पलीकडे न टाकता बाजूला ठेवतात. चापाच्या कड्याची मागची बाजू मधल्या बोटावर आपटून ते बोट सुजते, हेही नेहमीचे. जुन्या ब्रिटिश कारागिरांना या बारकाव्यांची जाण होती. त्यांनी पट्ट्याची पुढची कडी दस्त्याऐवजी नळीवर बसवली, म्हणजे मागे येणारी कडी पुढचा हात फाडत नाही. दुनळीत दुसरा चाप ओढताना पहिल्या चापावर बोट ठेचू नये म्हणून तो पहिला चाप पुढे मुडपणारा केला.

दुर्बीण आणि डोळा यांतले अंतर जड रायफलीत निदान ९-१० सेंटिमीटर हवे. उताणे होऊन उंचावरच्या लक्ष्यावर किंवा पालथे पडून बार काढताना डोके नकळत पुढे सरकते आणि दुर्बिणीची गोल कड भुवईवर अर्धचंद्राकृती जखम करून जाते.

गादी : दस्त्याच्या टाचेला रबराची गादी लावल्याने एकूण धक्का घटत नाही, तो जास्त वेळात आणि जास्त जागेवर वाटला जातो. लाल रबराच्या जुन्या इंग्लिश गाद्या कालांतराने दगडासारख्या कडक होतात. नवी कृत्रिम द्रव्ये बरीच सरस आहेत. दस्त्यावर मोज्यासारखी चढवायची गादी सोयीची खरी, पण ती दस्त्याची लांबी वाढवते हे विसरू नये. खांद्याला बांधायची गादी नेमबाजीच्या मैदानावर उत्तम.

नळीच्या तोंडाची साधने : मझल ब्रेक नावाच्या छिद्रांच्या टोपणातून वायू बाजूला आणि थोडे मागे वळवले जातात, त्यामुळे रायफल पुढे ओढली जाते. चांगला ब्रेक धक्क्याची ऊर्जा ३० ते ५० टक्क्यांनी घटवू शकतो. तो फक्त वायूंवर काम करतो, म्हणून जिथे दारू पुष्कळ आणि गोळी हलकी तिथे तो चमकतो. ३०-०६ मध्ये मागे येणाऱ्या संवेगाचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा वायूंचा असतो, .४५८ मध्ये पाचवा हिस्साच. ब्रेकची दुसरी बाजू म्हणजे आवाज. तोही बाजूला आणि मागे वळतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे हाल होतात. मार्गदर्शक सोबत घेऊन शिकार करणाऱ्याने त्या बिचाऱ्याच्या कानांचा विचार आधी करावा. सायलेन्सर आवाज आणि धक्का दोन्ही कमी करतो, वर वजनही घालतो. जिथे कायदा परवानगी देतो तिथे तो ब्रेकपेक्षा केव्हाही सभ्य पर्याय आहे.

लष्करी इतिहासात याचा चांगला धडा आहे. १९१८ साली जर्मनांनी शत्रूच्या रणगाड्यांविरुद्ध वापरायला माउझरची १३.२ मिलिमीटरची रायफल आणली. अठरा किलोंच्या आसपास वजन, पण ना ब्रेक ना गादी. सैनिक तिला धास्तावले होते. १९३७ च्या ‘बॉइज’ या ब्रिटिश रणगाडाविरोधी रायफलीला ब्रेक, जाड गादी आणि स्प्रिंगवर मागे सरकणारा सांगाडा दिला, तरी तिचा लौकिक फारसा बरा नव्हता. १९८२ च्या ‘बॅरेट’ या अमेरिकी जड रायफलीत नळीच मागे सरकते, शिवाय मोठा ब्रेक आहे, आणि ती चालवणारे खांदा चोळत बसत नाहीत. वायूंवर चालणाऱ्या स्वयंभरी रायफलीतही धक्का लांबवला जातो, म्हणून तो मवाळ वाटतो.

पवित्रा : उभ्याने बार काढताना कंबरेपासून वरचे शरीर धक्क्याबरोबर मागे झुलते आणि तो गिळून टाकते. टेबलावर ओणवे बसलेल्याला मागे जायला वाव नसतो. पालथ्या माणसाची स्थिती तर सर्वांत वाईट, कारण दस्ता गळ्याजवळच्या हाडावर येतो. म्हणून टेबलावरचा टेकू उंच करून पाठ ताठ ठेवावी. दस्ता खांद्याच्या खोलगट मांसल भागात घट्ट ओढून धरावा. उजवे कोपर जरा वर उचलले की ती खोबण आपोआप तयार होते. दस्ता आणि खांदा यांच्यात फट ठेवणे ही नवख्यांची हमखास चूक. धक्क्याला भिऊन रायफल सैल धरली जाते आणि मग ती वेग घेऊन आदळते. पुढचा हातही नुसता आधाराला नसावा, त्याने रायफल मागे खेचून धरावी.

दस्ता आणि खांदा यांच्यामध्ये वाळूची किंवा छर्‍यांची पिशवी ठेवणे हा दुर्बीण जुळवतानाचा साधा आणि गुणकारी उपाय. वजने लादलेल्या लोखंडी चौकटीत रायफल अडकवूनही हे काम होते, पण तिच्यावर फार वजन लादले तर रायफलीला मागे सरकायला जागाच उरत नाही. तो ताण मग लाकडी दस्त्यावर आणि दुर्बिणीवर येतो, आणि दस्ते तडकतात.

काडतुसाची निवड : सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत कमी अवलंबला जाणारा उपाय म्हणजे लहान काडतूस. आफ्रिकेतला हत्तींचा शिकारी वॉल्टर बेल याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बरेचसे ७×५७ माउझरसारख्या (व्यास ७ मिलिमीटर) मवाळ काडतुसाने. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने कसून अभ्यास केला होता. त्याचे अनुकरण करण्याचा कुणी विचारही करू नये. आफ्रिकेतल्या काही देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ हा किमान व्यास कायद्यानेच ठरवलेला आहे. परंतु हरीण-सांबरांच्या शिकारीला मॅग्नम घेऊन जाणाऱ्याने स्कँडिनेव्हियाकडे बघावे. तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ ६.५×५५ या सौम्य काडतुसाने मूससारखे अवाढव्य जनावर मारले जाते.

मोठी रायफल हवीच असेल तर सरावासाठी हलकी गोळी आणि कमी दारू असलेली काडतुसे वापरता येतात. ती घरी भरणाऱ्याने दारू उत्पादकाच्या छापील तक्त्याबाहेर जाऊ नये. मंद जळणारी दारू मोठ्या काडतुसात किमान मर्यादेपेक्षा कमी भरल्यास दाब घटण्याऐवजी अनपेक्षितपणे भडकून रायफल फुटू शकते. हलकी काडतुसे लक्ष्यावर वेगळ्या ठिकाणी बसतात, त्यामुळे शिकारीला निघण्यापूर्वी खऱ्या काडतुसांनी दुर्बीण पुन्हा जुळवून घ्यावी लागते.