पावसाचा गारवा वेगळा, उत्तरेची थंडी वेगळी

दिवाळीच्या मागेपुढे शनिवार-रविवारचा देशभराचा हवामान अंदाज बहुतेक वेळा असाच असतो. तमिळनाडू, केरळ, किनारी आंध्रात गडगडाटासह जोरदार पाऊस, काश्मीर-हिमाचलच्या उंच भागांत बर्फ आणि राजस्थान, मध्य प्रदेशात रात्रीचा पारा उतरणार. महाराष्ट्राच्या वाट्याला मधलीच एक ओळ येते. मग फोनवर निरोप फिरू लागतो, ‘पाऊस येतोय, पाठोपाठ थंडीची लाट!’ दोन टोकांच्या दोन बातम्या जोडून तिसरीच तयार होते. दरवर्षी हे वाचून मला खरंच त्रास होतो, कारण यावर माणसं शेतातले निर्णय घेतात.

परतीचा पाऊस आणि अवकाळी यांचा गोंधळ तसा किरकोळ. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची माघार सर्वसाधारणपणे 17 सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून सुरू होते, 8 ऑक्टोबरला मुंबई सोडते आणि 15 ऑक्टोबरपर्यंत देशभर पूर्ण होते. माघार झाल्यावर नोव्हेंबरात पडला तो परतीचा नव्हे. एवढं पुरे.

खरा घोळ गारवा आणि थंडी यांच्यात आहे. अंदाजात दोन आकडे असतात, कमाल आणि किमान. पाऊस किंवा मळभ आलं की पडतो तो कमाल आकडा. ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, ओल सुकताना उष्णता शोषून घेते, आणि कालपर्यंत 33 अंशांवर तापणारी दुपार 26 वर येते. अंगावर काटा येतो, आपण म्हणतो थंडी पडली. पण त्याच रात्रीचा किमान आकडा बघा. तो जागचा हलत नाही, उलट दोन-तीन अंश वरच जातो. दिवसभर जमिनीत साठलेली ऊब रात्री आकाशाकडे निघून जाते, ढग तिला अडवून बराचसा भाग परत खाली पाठवतात. ढग म्हणजे जमिनीवर पांघरलेली गोधडी.

थंडीत नेमकं उलटं होतं. आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा उत्तरेचा. दुपारी चांगलं ऊन असतं, 29-30 अंशही होतात, आणि पहाटे पारा 11 वर येतो. गोधडी काढून घेतलेली असते. माझ्या गच्चीवरचा टॉवेल हे रोज सांगतो. गारव्याच्या दिवशी तो संध्याकाळीही दमट आणि कुबट लागतो. थंडीच्या दिवशी दुपारपर्यंत कडकडीत वाळतो आणि त्याच आठवड्यात टाचा फुटायला लागतात.

म्हणून बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की महाराष्ट्रात थंडी येत नाही, असलेली मोडते. पूर्वेकडून बाष्प येतं, ढग येतात, रात्री उबदार होतात. उत्तरेतल्या पश्चिमी विक्षोभाचाही, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या प्रणालीचाही, क्रम लक्षात ठेवा. तो डोक्यावर असताना तिथे ढग, पाऊस, बर्फ. तो पूर्वेला सरकला, आकाश मोकळं झालं, की मग उत्तरेची कोरडी हवा खाली उतरते. आपल्यापर्यंत ती पोचायला आणखी एक-दोन दिवस लागतात, तेही वाटेत पूर्वेचं बाष्प आडवं आलं नाही तर.

‘थंडीची लाट’ हा शब्द तर जपूनच वापरायला हवा. हवामान खात्याच्या लेखी मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा खाली हवं आणि ते सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी कमी हवं. किनाऱ्यावर 10 ऐवजी 15. नुसता कपाटातून स्वेटर काढावासा वाटणं म्हणजे लाट नव्हे.

नाशिककडच्या द्राक्षबागेत या फरकाला पैसे लागतात. ऑक्टोबर छाटणीनंतर मळभ आलं तर डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारणीची धावपळ. कडाका आला तर पहाटे पाणी सोडायचं, बागेत शेकोट्या पेटवायच्या. हरभऱ्याला थंडी मानवते, ढगाळ हवेत घाटेअळी वाढते. ‘गारठा वाढणार’ एवढ्या दोन शब्दांवर यातलं काय करायचं?

गारवा सौम्य असतो असंही समजू नका. डिसेंबर 2021च्या सुरुवातीला जुन्नर, शिरूर भागात अवकाळी पावसाने शेकडो मेंढ्या दगावल्या. दिवसभर पाऊस, अंगावरची लोकर भिजून जड झालेली, वर वारा, आणि कळप उघड्या रानात. तेव्हा बघायला हवा होता तो कमाल आकडा, पाऊस आणि वाऱ्याचा वेग. किमान आकड्यावरून धनगराला काहीच कळलं नसतं. आदल्या संध्याकाळी त्याला एवढंच सांगायला हवं होतं, ‘उद्या दिवसभर भिजणार आहात, कळप आडोशाला न्या.’