कृषी विनियोजन विधेयक, अमेरिका

अमेरिकेच्या संघराज्य सरकारचा शेती, ग्रामीण विकास, पोषण आणि अन्न-औषधांची तपासणी यांवरील वर्षभराचा खर्च मंजूर करणारे विधेयक. कायद्याने तरतूद केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात म्हटले आहे. त्यामुळे १ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षासाठी अमेरिकी काँग्रेसला १२ विनियोजन विधेयके संमत करावी लागतात. हे त्यांपैकी एक. साधारण पाच वर्षांनी येणाऱ्या ‘फार्म बिला’शी त्याची गल्लत केली जाते. कोणती योजना असावी आणि तिचे नियम काय, हे फार्म बिल ठरवते. या वर्षी तिच्यावर किती खर्च करायचा, हे विनियोजन ठरवते.

नावात शेती पहिली असली तरी पैशात ती पहिली नाही. २०२४ या आर्थिक वर्षात सभासदांना स्वतःच्या मर्जीने कमीजास्त करता येणारी रक्कम सुमारे २६ अब्ज डॉलर होती. त्याच कायद्यात गरिबांच्या अन्नसाहाय्यासाठी, म्हणजे पूर्वीचे ‘फूड स्टॅम्प’ आणि आताचे ‘स्नॅप’, यांसाठी सुमारे १२२ अब्ज आणि शाळांतील जेवणासह बालपोषणासाठी ३३ अब्ज डॉलर होते. या दोन रकमा अनिवार्य खर्चात मोडतात. पात्र माणूस दारात आला की पैसे द्यावेच लागतात आणि विनियोजन समितीचे काम जवळजवळ आकडा लिहिण्यापुरतेच उरते. गरोदर व स्तनदा माता आणि लहान मुलांसाठीची ‘विक’ योजना मात्र मर्जीच्या रकमेतली. तिचे सुमारे ७ अब्ज धरले, की त्या २६ अब्जांतलाही चौथ्या हिश्शाहून अधिक भाग पोषणालाच जातो. शेतकऱ्यांसाठीचे विधेयक म्हणण्यापेक्षा याला जेवणाऱ्यांचे विधेयक म्हणणे अधिक खरे.

ही जोडी राजकारणाने जमवली आहे. फूड स्टॅम्पचा कायदा १९६४चा, आणि १९७३ पासून ही योजना फार्म बिलाचाच भाग झाली. शहरी सभासदांनी पिकांच्या अनुदानाला मत द्यायचे, ग्रामीण सभासदांनी अन्नसाहाय्याला, असा हा व्यवहार. पैशाच्या चाव्या हाती असलेल्या उपसमित्यांचे वजन किती, हे मिसिसिपीचे जेमी व्हिटन यांच्यावरून कळते. मधली दोन वर्षे सोडता १९४९ ते १९९२ ते प्रतिनिधिगृहाच्या कृषी विनियोजन उपसमितीचे अध्यक्ष होते. मंत्री येत-जात राहिले. व्हिटन यांना लोक ‘कायमचे कृषिमंत्री’ म्हणत.

अन्न व औषध प्रशासन (एफडीए) शेतीच्या विधेयकात का, याचे उत्तर इतिहासात आहे. अब्राहम लिंकन यांनी १८६२ मध्ये स्थापन केलेल्या कृषी खात्यात एक रसायन विभाग होता. त्याचे प्रमुख हार्वे वायली यांनी १९०२ मध्ये काँग्रेसकडून ५,००० डॉलर घेऊन एक प्रयोग सुरू केला. धडधाकट तरुण स्वयंसेवकांना टाकणखारासारखे, त्या काळी सर्रास वापरले जाणारे परिरक्षक जेवणातून द्यायचे आणि काय होते ते टिपायचे. वर्तमानपत्रांनी त्या मंडळींना ‘विषपथक’ म्हटले. दरम्यान शिकागोच्या मांस कारखान्यांतली घाण चव्हाट्यावर आली आणि ३० जून १९०६ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न-औषधांचा आणि मांस तपासणीचा, असे दोन कायदे एकाच दिवशी मंजूर केले. वायलींच्या विभागातून पुढे अन्न व औषध प्रशासन उभे राहिले. ते १९४० मध्ये कृषी खात्यातून बाहेर पडले आणि आज आरोग्य खात्यात आहे, पण त्याचा निधी कृषी उपसमितीच ठरवते. त्याच्या एकूण खर्चाचा जवळपास निम्मा भाग कंपन्यांकडून घेतलेल्या शुल्कातून येतो.

मांस, कोंबडी आणि अंड्यांपासूनचे पदार्थ कृषी खात्याच्या तपासणी सेवेकडे राहिले, बाकीचे बहुतेक खाद्यपदार्थ अन्न व औषध प्रशासनाकडे गेले. म्हणून नुसत्या चीजचा गोठवलेला पिझ्झा एका संस्थेच्या अखत्यारीत आणि वर मांसाच्या चकत्या आल्या की दुसऱ्या. फरक अधिकाराचाही आहे. निरीक्षक हजर नसेल तर कत्तलखान्याला काम करता येत नाही, पण बिस्किटांच्या कारखान्यात निरीक्षक काही वर्षांतून एकदा फिरकला तरी चालते. तपासणी सेवेला वर्षाला सुमारे १.२ अब्ज डॉलर लागतात ते या रोजच्या हजेरीमुळे.

याच हजेरीचा उपयोग करून काँग्रेसने एका धंद्याची कोंडी केली. २००६ पासून या विधेयकात एक कलम आले: घोड्यांच्या कत्तलीच्या तपासणीवर पैसा खर्च करू नये. कत्तलीवर बंदी नाही, फक्त निरीक्षकाला पगार नाही. निरीक्षक नाही म्हणजे मांसावर शिक्का नाही आणि शिक्क्याविना विक्री नाही. टेक्सस आणि इलिनॉय राज्यांच्या बंदीचीही भर पडून २००७ मध्ये देशातले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने बंद झाले. मध्यंतरी दोनेक वर्षे हे कलम गळले होते, ते पुन्हा घातले गेले. विनियोजनात अशी कलमे घुसवण्याची जुनी रीत आहे. वेगळा कायदा संमत करून घेण्यापेक्षा ती सोपी पडते.

ग्रामीण विकासाचा हिस्सा तुलनेने लहान आहे. त्याचे मूळ १९३५ च्या ग्रामीण विद्युतीकरणात. त्या वेळी साधारण दहांतल्या एकाच शेतघरात वीज होती. खासगी कंपन्यांना दूरच्या वस्तीवर तारा ओढणे परवडत नसे. सरकारने सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज दिले आणि त्यांनी खांब उभे केले. आज त्याच धर्तीवर पाणीपुरवठा, सांडपाणी, घरबांधणी आणि इंटरनेटसाठी कर्ज दिले जाते. अर्थसंकल्पात धरले जाते ते संपूर्ण कर्ज नव्हे, तर व्याजातली सूट आणि बुडीत जाण्याचा अंदाज, त्यामुळे थोड्या तरतुदीवर मोठे कर्जवाटप होऊ शकते.

पिकांच्या आधाराचा पैसा वेगळ्या वाटेने जातो. १९३३ मध्ये स्थापन झालेले कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ तिजोरीकडून ३० अब्ज डॉलरपर्यंत उचल घेऊ शकते आणि त्याची तूट विनियोजनातून मागाहून भरून दिली जाते. चीनशी व्यापारयुद्ध पेटल्यावर २०१८ आणि २०१९ मध्ये सोयाबीन व इतर उत्पादकांना भरपाई देण्यासाठी सरकारने याच महामंडळाचा पैसा वापरला. त्यासाठी काँग्रेसने वेगळे मतदान केले नव्हते.

वाटणीतल्या विसंगती एवढ्यावर थांबत नाहीत. वन सेवा कृषी खात्यात आहे, पण तिचा पैसा अंतर्गत (इंटिरिअर) खाते आणि पर्यावरण यांच्या विधेयकातून येतो. वायदेबाजारावर देखरेख करणारा आयोग प्रतिनिधिगृहात कृषी उपसमितीकडे, तर सेनेटमध्ये वित्तसेवांच्या उपसमितीकडे असतो.

१ ऑक्टोबरपूर्वी विधेयक क्वचितच संमत होते. मग आपल्याकडच्या लेखानुदानासारखा तात्पुरता ठराव करून मागच्या वर्षीच्या दराने खर्च चालू ठेवतात. तोही अडला की सरकारी कामकाज बंद पडते. २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या बंदमध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या नेहमीच्या तपासण्या काही काळ थांबल्या होत्या. मांस निरीक्षक मात्र पगाराविना कामावर होते. २०२५ मध्ये ४३ दिवसांचा बंद झाला आणि नोव्हेंबरचे स्नॅपचे पैसे रखडले. सुमारे ४ कोटी लोक या योजनेवर अवलंबून आहेत. १२ नोव्हेंबरला बंद मिटवणाऱ्या कायद्यात कृषी विनियोजन पूर्ण वर्षासाठी संमत करण्यात आले.

भारताचा या विधेयकाशी संबंध आला तो ‘पीएल-४८०’मुळे. जुलै १९५४ च्या या कायद्याने अमेरिकेचे शिलकी धान्य विकत घेणाऱ्या देशाच्याच चलनात विकता येऊ लागले आणि त्याचा भार कृषी विनियोजनावर पडला. भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. महाराष्ट्रात साठच्या दशकात रेशनवर मिळालेला लाल गहू आणि मिलो ज्वारी हे त्याचेच धान्य. काँग्रेस गवत याच गव्हाबरोबर आले, असे सर्रास सांगितले जाते. मात्र पुण्यात ते १९५५ च्या सुमारास दिसले होते, म्हणजे पहिल्या कराराच्याही आधी. धान्याची किंमत रुपयांत जमा होत राहिली आणि हा रुपयांचा डोंगर अमेरिकेलाही खर्चून संपेना. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत डॅनिएल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला दिला. त्याआधी, १९६२ पासून, याच रुपयांतून अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. शिकागोसारख्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांतले मराठी संग्रह त्यातून वाढले.