शुईहूदीच्या बांबू पट्ट्या

शुईहूदी हे चीनच्या हुबेई प्रांतात, युनमंग तालुक्यातलं ठिकाण. 1975 च्या शेवटी तिथे पाण्याचा कालवा खोदताना जुन्या कबरी लागल्या आणि त्यातल्या 11 नंबरच्या कबरीत बांबूच्या साडेअकराशेच्या आसपास पट्ट्या सापडल्या. एकेक पट्टी 23 ते 28 सेंमी लांब, बोटापेक्षाही अरुंद, वर शाईने वरून खाली लिहिलेलं. कबरीत पाणी भरून राहिलं होतं म्हणून बांबू टिकला, पट्ट्या ओवलेली दोरी मात्र कुजून गेली. पुढे सगळा चीन एका सम्राटाखाली आणणाऱ्या छिन राज्याचे कायदे चालू असतानाच कोणीतरी स्वतःच्या कामासाठी लिहून घेतलेले, असे पहिल्यांदाच हाती आले, तोपर्यंत छिनबद्दल जे काही माहीत होतं ते बरंचसं सिमा छ्येन या दरबारी इतिहासकाराकडून, आणि तो हान घराण्याच्या काळातला, म्हणजे छिन बुडाल्यावर शंभरेक वर्षांनी लिहिणारा.

कबर शी नावाच्या माणसाची. हा कोणी सरदार नव्हे, आनलू या तिथल्याच जुन्या गावातल्या आणि आसपासच्या कचेऱ्यांत काम केलेला कारकून, पुढे खटल्यांचं कामही बघितलेला. त्याच्या डोक्याशी, पोटावर, पायाशी या पट्ट्या ठेवल्या होत्या. त्यातल्या 53 पट्ट्यांवर इ.स.पू. 306 ते 217 पर्यंतची वर्षवार टिपणं आहेत, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग हाच, कारण राज्याची लढाई आणि घरातली गोष्ट एकाच ओळीत येते. इ.स.पू. 262 समोर अमुक ठिकाणी हल्ला, आणि लगेच बाराव्या महिन्यात कोंबडा आरवायच्या वेळी शी जन्मला. इ.स.पू. 260 समोर फक्त ‘चांगफिंगवर हल्ला’, पुढे घरात गान नावाचं मूल झालं. ही तीच चांगफिंगची लढाई जिथे शरण आलेल्या चाओ राज्याच्या चार लाख सैनिकांना मारलं असं सिमा छ्येन सांगतो. इ.स.पू. 221 ला सगळा चीन एका सम्राटाखाली आला, त्या वर्षापुढे शीची जागा कोरी आहे. इ.स.पू. 219 ला मात्र सम्राट आनलूवरून गेला हे त्याने टिपून ठेवलंय.

बाकी बहुतेक पट्ट्या कायदे, चौकशीचे नमुने आणि शुभ-अशुभ दिवसांच्या. कोठारात उंदरांची बिळं किती चालतील याचाही हिशोब आहे, तीन किंवा जास्त निघाली तर एका ढालीएवढा दंड, दोनपर्यंत नुसती तंबी, आणि लहान उंदराची तीन बिळं म्हणजे मोठ्याचं एक. लढाईत शत्रूचं मुंडकं आणलं की बढती मिळायची, त्यामुळे एकाच मुंडक्यावरून भांडणारे दोघे सैनिक अधिकाऱ्यापुढे उभे राहतात अशी एक केस आहे, तिथे अधिकारी त्या मुंडक्यावरच्या जखमा तपासून लिहून घेतो आणि आपल्याच फौजेतलं कोणी बेपत्ता असेल तर येऊन ओळखा असं कळवतो. वाचताना अंगावर काटा येतो.

छिनविरुद्धच्या इ.स.पू. 209 च्या बंडाची गोष्ट आता या पट्ट्यांशिवाय सांगताच येत नाही. चन शंग आणि वू क्वांग हे सीमेवरच्या ड्युटीला निघाले होते, पावसाने अडकले, उशीर झाला म्हणजे मृत्युदंड, मग मरायचंच तर बंड करून मरू, असं सिमा छ्येनने लिहिलंय आणि चीनमधल्या शाळकरी पोरांनाही ते पाठ असतं. पट्ट्यांवरच्या वेठीच्या कायद्यात मात्र तीन ते पाच दिवस उशिराला तंबी, सहा ते दहा दिवसांना एक ढाल, त्याहून जास्त झाला तर एक चिलखत एवढाच दंड, आणि पाऊस असेल तर काम माफ. काही अभ्यासक म्हणतात वेठ वेगळी आणि फौजेची ड्युटी वेगळी, तो मुद्दा बरोबर आहे, पण छिनचा कायदा नुसता मुंडकी उडवणारा होता हे आता कोणी सरसकट म्हणू नये.

शेजारच्या 4 नंबरच्या कबरीत लाकडी पाट्यांवरची दोन पत्रं मिळाली, चीनमध्ये सापडलेली ही सगळ्यात जुनी घरगुती पत्रं. हेइफू आणि चिंग हे दोघे भाऊ छिनच्या फौजेत, ह्वायांगच्या बाजूला लढाईवर होते, पत्र घरी असलेल्या चुंग या भावाला. हेइफू म्हणजे काळा माणूस, आपल्याकडचा काळू म्हणा. तो लिहितो की आईने उन्हाळी कपडे शिवून पाठवावेत, आनलूत कापड महाग असेल तर नुसते पैसे पाठवा, मी इथे घेतो. चिंगला पाच-सहाशे नाणी आणि चांगलं कापड हवंय, उसने पैसे संपलेत, घरून आलं नाही तर मेलोच, आणि मग एकच शब्द तीनदा, तातडीचं, तातडीचं, तातडीचं. पत्रं घरी पोचली होती, कारण ती मिळाली ती गावाकडच्या कबरीत, बहुधा चुंगच्याच.