अणुबॉम्ब आइन्स्टाइनच्या समीकरणातून जन्मला का?

‘आइन्स्टाइनने समीकरण मांडले आणि त्यातून अणुबॉम्ब तयार झाला’, हे विधान पाठ्यपुस्तकाबाहेरच्या बहुतेक गप्पांत ठामपणे केले जाते. ते चुकीचे आहे. 1905 मधील ते समीकरण (E = mc²) वस्तुमान आणि ऊर्जा यांचे नाते सांगते, आणि ते जळत्या लाकडालाही तितकेच लागू पडते. अणुकेंद्रातील ऊर्जा बाहेर कशी काढावी, याबद्दल त्यात अवाक्षरही नाही.

खरी वाट न्यूट्रॉनच्या, म्हणजे अणुकेंद्रातील विद्युतभार नसलेल्या कणाच्या, शोधातून निघाली. 1938 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडले. युरेनियमच्या निम्म्याहून थोड्याच अधिक वजनाचे हे मूलद्रव्य तिथे आले कसे, हे हान यांना उमगेना. नाझींमुळे परागंदा होऊन स्वीडनमध्ये राहणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर यांनी भाचा ओटो फ्रिश याच्यासह त्याचा उलगडा केला: केंद्रकाचे दोन तुकडे होतात (हेच विखंडन) आणि सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा सुटते. हा आकडा पडताळताना त्यांनी ते समीकरण वापरले, एवढाच त्याचा या शोधातला वाटा. (नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळाले, हा माइटनर यांच्यावरचा उघड अन्याय होता.)

एका अभिक्रियेतून सुटलेले न्यूट्रॉन पुढच्या अभिक्रिया घडवत जातात, या साखळी अभिक्रियेची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांना 1933 मध्येच सुचली होती. विखंडनात नवे न्यूट्रॉन सुटतात, हे 1939 मध्ये प्रयोगांनी सिद्ध झाल्यावर ती प्रत्यक्षात येण्याजोगी ठरली. अशा बॉम्बची शक्यता कळवण्यासाठी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना पाठवलेल्या त्याच वर्षीच्या पत्रावर आइन्स्टाइन यांची सही आहे, पण अणुबॉम्ब बनवणाऱ्या अमेरिकेच्या मॅनहॅटन प्रकल्पात त्यांना घेतलेच नाही, कारण 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने त्यांना गोपनीय कामाची परवानगी नाकारली होती.